फरम्याखालचे तीन मिलिमीटर

सकाळचे साडेनऊ वाजलेत. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रातल्या एका उंच पत्र्याच्या शेडमध्ये मी उभा आहे आणि समोर नदी बांधायचं काम चाललं आहे. प्रमाण शंभरास एक. खरी नदी जिथे एक किलोमीटर धावते, तिथे हिला दहा मीटर जागा. दोन्ही काठांना विटांच्या बुटक्या भिंती आणि त्यांच्यामध्ये ठरावीक अंतरावर आडवे उभे केलेले फरमे. प्रत्येक फरम्याची वरची कड म्हणजे त्या जागी नदीचा तळ, सर्वेक्षणाच्या आकड्यांवरून कापून काढलेला. दोन फरम्यांमधली जागा वाळूने भरायची, पाणी मारून, ठोकून बसवायची आणि वरून सिमेंटचा माल फिरवत फरम्याच्या कडेला आणून मिळवायचा.

हे करणारे गवंडी पन्नाशीच्या पुढचे आहेत. शेडमध्ये सगळे त्यांना मामा म्हणतात. शास्त्रज्ञ बाई म्हणतात, माल कालवणारा पोरगाही म्हणतो. काल संध्याकाळी एक पट्टा पुरा झाला. आज पुढचा घ्यायचा. माल कालवून तयार आहे, पण मामा थापी उचलत नाहीत. लेव्हलच्या दुर्बिणीशी उभ्या असलेल्या मुलाला ते म्हणतात, "कालचे फरमे परत घे."

"मामा, काल घेतलेत की. वहीत लिहिलेत."

"काल घेतले तेव्हा वाळूत पाणी पुरतं मुरलं नव्हतं. घे तू."

मुलगा डोळा लावतो. मामा स्वतः पट्टी घेऊन वाकतात आणि मालातून डोकावणाऱ्या कडेवर ती अलगद टेकवतात. पहिला फरमा बरोबर. दुसरा, तिसरा बरोबर. चौथ्याला मुलगा दोनदा बघतो. "तीन मिलिमीटर खाली दाखवतंय."

मामा गुडघ्यावर बसतात, फरम्याच्या बुडाशी बोटं घालून चाचपतात. वाळू दबताना आधाराची वीट कलली आहे. चूक कोणाचीच नाही, ओल्या वाळूत असं होतं. वरून बघितलं तर पट्टा एकसंध आहे, माझ्या डोळ्याला त्यात काहीही दिसत नाही. अजून एक हात फिरवला असता तर ते तीन मिलिमीटर कायमचे झाकले गेले असते आणि मामांखेरीज कोणाला कळलंही नसतं.

मामा उठतात आणि बाईंच्या टेबलाकडे जातात.

"मॅडम, चार नंबरचा फरमा बसलाय. कालचा पट्टा तिथे फोडावा लागेल."

बाई वही ओढतात. "पुढच्या आठवड्यात पाणी सोडायचंय, मामा."

"म्हणून तर आत्ता सांगतोय. आज फोडलं तर संध्याकाळपर्यंत भरून निघेल. पाणी सोडल्यावर सापडलं तर सगळंच परत करायला लागेल."

बाई क्षणभर आकडे बघतात आणि मान हलवतात. छिन्नी-हातोडी घ्यायला मामा स्वतःच जातात.

तीन मिलिमीटर म्हणजे किती, हे या शेडबाहेरच्या माणसाला समजणं अवघड आहे. शंभरास एक म्हणजे इथले तीन मिलिमीटर खऱ्या नदीत तीस सेंटिमीटर होतात. आणि या नदीवर मोजायचं काय असतं? इतकं पाणी सोडलं तर काठाला ते कुठवर चढेल. तळ कागदावरच्यापेक्षा खोल बांधला गेला, तर मोजणीत पाणी खऱ्यापेक्षा खाली दिसणार. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्यांना तीस सेंटिमीटर समजावून सांगायला नकोत. जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून विसर्ग वाढल्यावर एकतानगरीतल्या घरांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा उंबऱ्याशी थांबलेलं पाणी आणि गॅसच्या शेगडीपर्यंत आलेलं पाणी यांतला फरक तिथल्या माणसांनी पाहिलेला आहे.

या प्रमाणात लांबी शंभरपट लहान होते, पण वेग आणि वेळ दहाच पट. दहा तासांचा पूर इथे एका तासात ओसरतो. विसर्ग मात्र लाखपट कमी होतो: नदीतल्या एक लाख क्युसेकसाठी इथे एक क्युसेक, म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी पुरतं. इतक्या थोड्या पाण्यावरून इतकं मोठं काही ठरवायचं, म्हणून १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने सुरू केलेल्या या संस्थेत शास्त्रज्ञाइतकंच गवंड्याच्या, सुताराच्या हातावरही अवलंबून राहावं लागतं. पॉइंट गेज पाण्याची पातळी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत सांगतं. पण ते पाणी ज्या तळावर उभं आहे तो तळ मामांनी घातलेला असतो.

छिन्नीचे घाव पडू लागतात. तिकडे पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला नवा मुलगा लोखंडी थापीने पृष्ठभाग घोटतो आहे, मन लावून. बाहेर इमारतींच्या कामावर तो हेच शिकला आहे. मामा हातोडी ठेवून त्याच्याकडे जातात, पण ओरडत नाहीत.

"इथे चकाकी नको रे. लाकडी रंधा घे, खरखरीत राहू दे."

"का हो मामा?"

"खऱ्या नदीत गोटे असतात, झुडपं असतात. पाणी अडखळत जातं. इथे घोटलंस तर ते सटकून जाईल आणि पातळी खोटी येईल."

मामांचं हे उत्तर गणितालाही बरोबर उतरतं. शंभरास एकच्या प्रतिकृतीत खडबडीतपणाचा गुणांक खऱ्याच्या निम्म्याहून थोडा कमी ठेवावा लागतो. गोट्यांच्या पात्रासाठी साधारण रंध्याचा गिलावा बरोबर बसतो. काँक्रीटचा सांडवा मुळातच गुळगुळीत. त्याच्यासाठी इथे सिमेंटही खरखरीत ठरतं आणि अॅक्रिलिक वापरावं लागतं. मामा गुणांकाचं सूत्र शिकलेले नाहीत. पण गिलावा कसा हवा हे त्यांनी प्रत्येक वेळी बाईंना, बाईंच्या आधीच्या साहेबांना विचारून घेतलं, आणि कसा हवा याच्याबरोबर का हवा हेही विचारलं. हाताला सफाई असलेली माणसं पुण्यात पुष्कळ मिळतात. आपलं काम पुढे कशासाठी वापरलं जाणार आहे हे विचारणारा कारागीर विरळा असतो, आणि माझ्या मते मालकाने शोधावा तो असाच.

वेळेवर येणं, हत्यारं धुऊन ठेवणं, दांड्या न मारणं हे सगळं मामांच्या ठायी आहेच. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते नसेल तर कोणी चार दिवससुद्धा ठेवून घेत नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही शेडबाहेर येतो. धरण इथून जवळ आहे. एकोणिसाव्या शतकात चुन्यात बांधलेली ती दगडी भिंत १२ जुलै १९६१ रोजी फुटली, कारण वर पानशेतचं मातीचं धरण आधी फुटलं होतं. पानशेतला पाणी सोडायच्या मार्गाच्या दारांचं काम अपुरं असताना पहिल्याच पावसाळ्यात तलाव भरला. धरण वाचवायला जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते. पुण्यातली नदीकाठची वस्ती त्या दिवशी पाण्याखाली गेली. अपुरं काम अपुरं आहे असं वेळेवर आणि मोठ्याने सांगण्याची किंमत या गावाला जितकी ठाऊक आहे तितकी क्वचितच दुसऱ्या गावाला असेल.

दुपारी तीनच्या सुमाराला चौथ्या फरम्याखालची वीट बदलून झाली आहे. मुलगा पुन्हा डोळा लावतो, या वेळी न सांगता शेजारचे दोन्ही फरमेही तपासतो आणि आकडे वहीत लिहितो. कालची ओळ खोडायला तो रबर उचलतो. मामा म्हणतात, "खोडू नको. राहू दे. खाली आजची तारीख घाल."

कारखान्यांत आणि सरकारी खात्यांत वर्षअखेरीला माणसाच्या कामाचा अहवाल भरतात. किती काम केलं, किती वेळात केलं, किती रजा घेतल्या. हे अहवाल भरणाऱ्यांना माझी विनंती आहे: स्वतःचं झालेलं काम फोडायची परवानगी मागायला या वर्षी आपल्याकडे कोण आलं होतं, हेही आठवून बघा. त्याचं नाव अहवालात लिहा, आणि पगारवाढीच्या यादीत ते वर घ्या.