गाडी गरम होते, बेल्ट ओरडतो – नवस नको, कारण शोधा!

अशोक विजयादशमी जवळ आली की गावोगावच्या आपल्या वस्त्यांतून नागपूरला निघण्याची तयारी सुरू होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जेथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर जायचे असते. पुढे ६ डिसेंबरला चैत्यभूमी, २० मार्चला महाडचे चवदार तळे. रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. मग वस्तीतल्याच एखाद्या बांधवाची जुनी जीप, ट्रॅक्स किंवा मॅटाडोर ठरविली जाते. म्हाताऱ्या आया, लहान लेकरे, भाकरीची गाठोडी आणि निळे झेंडे घेऊन गाडी निघते. चैत्यभूमीहून नाशिककडे परतताना कसारा घाट चढावा लागतो, महाडहून भोरकडे येताना वरंधा घाट. आणि नेमकी चढावर गाडी गरम होते!

या जुन्या गाड्या आपल्या तरुणांनी बहुधा कर्ज काढून घेतलेल्या असतात. एका गाडीवर एक कुटुंब जगते. इंजिन जाम झाले तर हप्ता थकतो, सावकाराचे दार दिसते आणि मुलांच्या शाळेचा खर्च अडतो. म्हणून हा विषय केवळ मिस्त्रीचा नाही, घरातल्या सर्वांचा आहे, असे आम्ही समजतो.

एकाच पट्ट्यावर दोन कामे

जुन्या गाडीत इंजिनाच्या पुढच्या बाजूस रबराचा एक पट्टा असतो. त्याला आपण फॅनबेल्ट म्हणतो. बहुतेक जुन्या गाड्यांत हाच पट्टा पंखा व वॉटर पंप फिरवितो आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही फिरवितो. पट्टा सैल झाला की तो पुलीवर घसरतो. घसरला की किंचाळतो. पंप मंद फिरला की पाणी खेळत नाही, पंखा मंद झाला की वारा लागत नाही आणि टेम्परेचरचा काटा वर चढतो. म्हणजे आवाज आणि उष्णता हे पुष्कळदा दोन रोग नसून एकाच रोगाची दोन लक्षणे असतात.

गाडी सुरू करताच किंवा हेडलाइट लावताच चीं-चीं आवाज आला तर पट्टा सैल आहे किंवा त्यावर तेल सांडले आहे, असा पहिला संशय घ्यावा. इंजिन बंद व थंड असताना दोन पुलींच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक. त्याहून फार दबला तर ताणून घ्यावा. नेमके माप गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. पट्टा काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, चिरा पडल्या असतील, तर ताणण्यात अर्थ नाही, नवाच घालावा.

आवाज किंचाळण्याचा नसून घरघरीचा असेल, तर मिस्त्रीकडून पट्टा काढून पुली हाताने फिरवून पाहावी. ती खरखरली किंवा डुगडुगली तर पंपाचे किंवा अल्टरनेटरचे बेअरिंग गेले आहे. पंपाखाली पाण्याचा ओघळ दिसला तर पंपच संपत आला आहे. इंजिन चालू असताना मात्र तेथे हात, पदर किंवा उपरणे नेऊ नये.

काटा चढतो तेव्हा

पट्टा चांगला असूनही गाडी तापत असेल, तर सोप्याकडून अवघडाकडे जावे. आधी पाण्याची पातळी. मग होज पाइप, क्लिपा आणि रेडिएटरचा तळ. कोठे गळती आहे का? मग रेडिएटरच्या जाळीत चिखल व किडे अडकले आहेत का? गर्दीत उभी असताना गाडी तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंख्याकडे पाहावे. उलट चढावर व वेगात तापते, तर रेडिएटर आतून चोंदला असण्याचा संभव अधिक. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले की किटलीसारखा आत क्षार धरतो. कूलंट योग्य प्रमाणात घालावे, मात्र ते विषारी असते. मुलांच्या हाती लागू देऊ नये.

काटा वर गेला आणि रेडिएटरचा वरचा पाइप मात्र थंडच, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल. काही मिस्त्री तो काढूनच टाकतात. तसे करू नये, नवा बसवावा. पाण्यात सतत बुडबुडे, ऑइल दुधाळ आणि सायलेन्सरमधून न थांबणारा पांढरा धूर दिसला, तर हेड गॅस्केट गेले असे समजून गाडी चालविणे थांबवावे.

घाटात काय करावे?

काटा लाल खुणेकडे जाऊ लागला की गाडी सुरक्षित जागी उभी करावी. चार्जिंगचा लाल दिवाही लागला असेल तर पट्टा तुटला असण्याचा संभव मोठा. मग एक किलोमीटरही पुढे जाऊ नये. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये. आपल्या भगिनी शिट्टी होताच कुकर उघडतात का? येथेही तसाच दाब असतो. उकळते पाणी तोंडावर उडून माणूस भाजतो. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे, मग जाड फडके धरून झाकण हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. धातूला तडा जातो.

लिंबू-मिरची कशाला?

अजूनही काही गाड्यांच्या पुढे लिंबू-मिरची लटकताना दिसते. तिने पट्टा ताणला जात नाही की पाणी भरले जात नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण दूर केले की परिणाम दूर होतो, हे भगवान बुद्धांनी सांगितले. ही कार्यकारणाची दृष्टी विहारात वंदनेपुरती ठेवून चालणार नाही, ती बॉनेटखालीही चालली पाहिजे.

गाडीत एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, किती पाणी घातले, पट्टा कधी बदलला, हे लिहावे. दर आठवड्याला पाणी कमी होत असेल तर वहीच बोलेल आणि मिस्त्रीशीही माहितीने बोलता येईल. घरातील शाळकरी मुलामुलींकडे हे काम सोपवावे. प्रवासाला निघण्यापूर्वी आठ दिवस गाडी तपासून घ्यावी आणि एक जादा फॅनबेल्ट, पाना व पाण्याचा कॅन बरोबर ठेवावा.

पट्ट्याचा खर्च लहान, इंजिनाचा मोठा आणि माणसांचा जीव त्याहून मोठा. यंदा सर्वांच्या गाड्या सुखरूप पोहोचोत आणि सुखरूप परत येवोत.

जय भीम!