‘मुळे’ की ‘नंतर’? संदर्भपत्रातील कारणवाचक शब्द

अलिबाग, मुरूड वा श्रीवर्धन येथील वैद्य रुग्णास मुंबईस पाठवितो, तेव्हा सोबतचे पत्र बहुधा इंग्रजीत असते. तेथील डॉक्टरांना रुग्णाचा पूर्ववृत्तांत त्या पत्रातूनच कळतो. म्हणून कार्यकारणभाव दर्शविणाऱ्या इंग्रजी शब्दांचा येथे थोडा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

समजा, गुग्गुळकल्प सुरू केल्यावर दहाव्या दिवशी रुग्णाच्या अंगावर पित्त उठले. पत्रात ‘ड्यू टू गुग्गुळ’ असे लिहिताच औषध हेच कारण ठरते. परंतु त्याच दुपारी त्याने बर्फाविना राहिलेला बांगडा खाल्ला असेल तर? अशा माशात हिस्टामीन वाढते. ते शिजवूनही नष्ट होत नाही आणि काही मिनिटांत वा तासांत कंड, लाली व गांधी उत्पन्न करते. मग निर्दोष औषध वर्ज्य होते व खरे कारण दडून राहते. उलटपक्षी, औषधाचा उल्लेखच गाळल्यास खरी औषधबाधाही निसटते.

‘फॉलोइंग’ हा शब्द केवळ कालक्रम सांगतो. ‘असोसिएटेड विथ’ साहचर्य दर्शवितो. ‘कॉन्ट्रिब्यूटेड टू’ म्हणजे अनेक हेतूंपैकी एक. ‘ड्यू टू’ व ‘कॉज्ड बाय’ मात्र कारण निश्चित करतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढ्यावरून हे शब्द योजू नयेत.

हा विवेक आपल्या शास्त्रास नवा नाही. माधवनिदानावरील मधुकोश टीकेत सन्निकृष्ट, विप्रकृष्ट, व्यभिचारी व प्राधानिक असे हेतूंचे भेद सांगितले आहेत. उपशय-अनुपशयाने परीक्षा करण्याची रीतही आपलीच आहे.

आयुष मंत्रालयाने २०१७-१८ मध्ये औषधदक्षता योजना सुरू केली. औषधबाधेच्या मूल्यमापनासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत ‘सर्टन’, ‘प्रॉबेबल’, ‘पॉसिबल’, ‘अनलाइकली’ अशा श्रेणी आहेत. कालसंबंध जुळतो, पण अन्य कारणही संभवते, म्हणून वरील रुग्ण ‘पॉसिबल’मध्ये बसतो. औषध थांबविल्यावर लक्षण शमले का, हेही तेथे पाहिले जाते.

औषधालयचालकांनीही तक्रार येताच कल्पाचे नाव, बॅच क्रमांक, सेवनारंभाची तारीख, सोबतची अन्य औषधे व त्या दिवशीचा आहार नोंदवून वैद्यांस कळवावे. या नोंदी हाती असतील, तरच ‘फॉलोइंग’ लिहावे की ‘ड्यू टू’, याचा निर्णय वैद्यास करता येईल.