एक तुकडा जास्तीचा

मूल मान धरेना, बोलायला उशीर झाला, झटके येऊ लागले, की आपल्याकडे पहिला प्रश्न आईला विचारतात : "ग्रहणात काही चिरलं होतंस का?" गावाकडे हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. मानसशास्त्राच्या अवांतर वाचनात अशा लक्षणांमागचे एक दुर्मीळ कारण कळले. पंधराव्या गुणसूत्राच्या एका तुकड्याची द्विरुक्ती, असे त्याचे स्वरूप आहे. ते समजेल तसे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ साली निश्चित झाले. त्यांतली २३ आईची, २३ वडिलांची. गुणसूत्राला पोथी म्हटले तर जनुके म्हणजे तिच्यातल्या ओव्या. बीज तयार होताना या पोथीची नक्कल होते. ज्या पानावर सारख्याच ओळी पुन्हा पुन्हा येतात, तेथे लेखनिकाची नजर घसरते आणि मधला मजकूर दोनदा लिहिला जातो. पंधराव्या गुणसूत्रावर असे सारखे पट्टे जवळजवळ असल्याने हा घोटाळा तेथे होऊ शकतो. कधी जादा तुकडा त्याच गुणसूत्रात राहतो, तर कधी त्याचे वेगळे, लहानसे सत्तेचाळिसावे गुणसूत्र बनते.

ओवी तर शुद्धच आहे, मग बिघडते काय? आपला क्रांती चौक डोळ्यांसमोर आणा. पैठण गेटकडून, उस्मानपुऱ्याकडून, जालना रोडवरून वाहने येतात. एकाच बाजूने दुप्पट वाहने आली तर एकही गाडी नादुरुस्त नसताना चौक तुंबतो. जनुकांचेही तसेच आहे. त्यांचे काम प्रमाणात व्हावे लागते. या तुकड्यातील एक जनुक मेंदूच्या पेशींत मुख्यतः आईकडून आलेल्या प्रतीवरूनच काम करते. म्हणून जादा तुकडा आईकडून आला असेल तर लक्षणे सहसा ठळक दिसतात : शिथिल अंग, उशिरा बोलणे, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, झटके.

'आईकडून' म्हणजे 'आईमुळे' नव्हे, हे मित्रहो, नीट ध्यानात घ्यावे. स्त्रीबीज घडण्यास आरंभ होतो तो ती स्त्री स्वतः आपल्या आईच्या पोटात असताना! वेगळे गुणसूत्र बनवणारी चूक तर बहुधा या बीजातच, गर्भ राहण्यापूर्वी झालेली असते. मग गरोदरपणातल्या ग्रहणाचा आणि विळीचा संबंध कोठून आला? काही घरांत तुकडा पिढीतून पुढे येतो. पण तोही कोणी निवडून दिलेला नसतो.

निदान रक्ततपासणीने होते. साध्या गुणसूत्र-तपासणीत लहान तुकडा निसटू शकतो. मायक्रोॲरे या सूक्ष्म तपासणीत तो सापडतो. तुकडा काढून टाकणारा उपचार आज नाही. मात्र झटक्यांवर औषधे आहेत. व्यायामोपचार व वाचोपचार लवकर सुरू केले तर मुलाला त्यांचा आधार होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही आहेत. त्यामुळे प्रमाणपत्र व सवलती मागता येतात.

आपल्यापैकी बरेच जण सुटीत गावी जातात. तेथे असे मूल दिसले तर देवऋषीआधी त्याला बालरोगतज्ज्ञाकडे न्यायला सांगावे, आणि त्याच्या आईला ग्रहणाचा प्रश्न विचारणाऱ्याला थांबवावे. शिकलेल्या माणसाकडून एवढी अपेक्षा जास्तीची नाही.