पट चुकतो मनगटात, कारण असते पाठीत

7 ऑगस्ट 2021 ची सकाळ. नीरज चोप्राचा भाला सुवर्णपदक आणणार होता, त्याला अजून काही तास होते. पण त्याआधीच देशातील अनेक घरांत लोक आयुष्यात प्रथमच गोल्फ पाहत होते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती. तिचा लांबचा फटका प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने कमी अंतराचा, तरीही चार दिवस ती त्यांच्या बरोबरीने राहिली ती पटिंगच्या जोरावर. रौप्य आणि कांस्य पटकावणाऱ्या दोघींपेक्षा 72 होलांत तिचा फक्त एक फटका जास्त झाला आणि ती चौथी आली.

ग्रीनवर, म्हणजे बारीक कापलेल्या गवतावर, पटर नावाच्या चपट्या तोंडाच्या काठीने चेंडू घरंगळत होलमध्ये घालणे म्हणजे पटिंग. यात ताकद लागत नाही, म्हणून नवखे खेळाडू त्याकडे दुर्लक्ष करतात. पण 72 पारच्या मैदानावर प्रत्येक होलसाठी दोन पट गृहीत धरलेले असतात. 18 होलांचे 36, म्हणजे निम्मा खेळ इथेच होतो.

अचूकतेचा हिशेबही कडक आहे. होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो. तीन मीटरवरून मारताना चेंडूची दिशा एका अंशाने चुकली, तर तो सुमारे पाच सेंटिमीटर बाजूला जातो, म्हणजे होलच्या काठावर. दोन अंशांनी चुकली, तर तो होलला न शिवताच निघून जातो. असे वारंवार झाले की खेळाडू हाताला दोष देतो, पकड बदलतो, नवा पटर घेतो. पण अनेकदा चूक दिसते मनगटात आणि सुरू होते पाठीत.

खांदे हलवा म्हणजे नेमके काय?

‘हात नको, खांदे हलवा,’ असे प्रशिक्षक सांगतात. ते ऐकून बरेच जण एक खांदा कानाकडे उचलतात किंवा दोन्ही दंड छातीपासून दूर ढकलतात. दोन्ही प्रकार चुकीचे आहेत.

शरीराची रचना पाहिली की कारण कळते. दंडाचे हाड खांद्यामागच्या पात्यासारख्या हाडाला जोडलेले असते. हे पाते बरगड्यांच्या पिंजऱ्यावर सरकते आणि बरगड्या पाठीच्या 12 मणक्यांना जोडलेल्या असतात. चांगल्या पटमध्ये खांद्याच्या सांध्यात फारशी हालचाल होतच नाही. दोन खांदे आणि जुळलेले हात यांचा त्रिकोण तसाच राहतो आणि हे 12 मणके थोडेसे वळतात. शरीर पुढे झुकलेले असल्यामुळे समोरून पाहणाऱ्याला तेच वळणे सीसॉसारखे दिसते, एक खांदा खाली तर दुसरा वर. कंबरेच्या मणक्यांची पीळ घेण्याची क्षमता मुळातच कमी असते, त्यामुळे हे काम पाठीच्या वरच्या भागालाच करावे लागते.

पोक काढलेली पाठ मात्र नीट वळत नाही. याचा पुरावा घरीच मिळतो. खुर्चीवर बसा, हात छातीवर दुमडा, मुद्दाम पोक काढा आणि उजवीकडे वळून पाहा. मग ताठ बसून तसेच वळा. दुसऱ्या वेळी वळणे सहज वाढलेले जाणवेल. ग्रीनवरही हेच घडते. पाठ अडली की उरलेली हालचाल मनगट आणि कोपराखालचा हात पूर्ण करतात. मनगट वाकते, शिवाय त्याच्याबरोबर कोपराखालचा हात फिरतो, आणि पटरचे तोंड त्या एक-दोन अंशांनी उघडते किंवा मिटते.

जितके सांधे मोकळे, तितके नियंत्रण अवघड. काही खेळाडूंनी यावर लांब पटरचे टोक पोटाला किंवा छातीला टेकवण्याचा उपाय शोधला होता. 2013 ची मास्टर्स स्पर्धा ॲडम स्कॉटने अशाच लांब पटरने जिंकली. 1 जानेवारी 2016 पासून नियमांनी पटर शरीराला टेकवून मारण्यास बंदी घातली. आता स्थैर्य शरीराच्या ठेवणीतूनच मिळवावे लागते.

वाकायचे कुठून?

आपण सरसकट ‘कंबरेत वाकणे’ म्हणतो आणि वाकतोही कंबरेतच. खरे तर वाकायचे असते खुब्याच्या सांध्यात. बसकण मागे न्यावी, गुडघे किंचित सैल सोडावेत आणि पाठ सपाट ठेवून धड पुढे झुकवावे. पँटला घडी जांघेत पडली, तर वाकणे बरोबर. पोटावर पडली, तर चूक. अशा स्थितीत हात खांद्यांखाली सैल लोंबतात. पटर तिथेच धरायचा. त्यासाठी हात पुढे ताणावे लागत असतील, तर चेंडू फार लांब आहे.

किती वाकायचे हे उंची आणि लवचीकतेवर ठरते. मिशेल वी तर धड जवळजवळ जमिनीला समांतर करून पट मारत असे आणि याच काळात, 2014 मध्ये, तिने अमेरिकन महिला ओपन जिंकली. धड जितके जास्त झुकलेले, तितका पटरचा मार्ग सरळ. उभे राहून मारल्यास तो थोडा कमानीसारखा होतो. दोन्ही चालतात, पाठ सपाट असली म्हणजे झाले. बहुतेक पटर 33 ते 35 इंचांचे असतात. उंच माणसाच्या हाती आखूड पटर आला, की तो नकळत पोक काढतो.

दुखण्याचा भाग

गोल्फपटूंची सर्वात मोठी तक्रार पाठीच्या खालच्या भागाची असते. त्यात जोरदार फटक्यांचा वाटा मोठा आहे, पण तासभर वाकून केलेला पटिंगचा सरावही निरुपद्रवी नाही. डोक्याचे वजनच साधारण साडेचार ते पाच किलो असते. ते पुढे धरून, कणा गोल करून उभे राहिले की मानेचे स्नायू सतत ताणात राहतात आणि कंबरेच्या मणक्यांमागचे अस्थिबंध हळूहळू सैलावतात.

निवृत्तीनंतर गोल्फ सुरू करणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. हाडे ठिसूळ झाली असतील, तर कणा गोल करून वाकण्याने मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो आणि तो खचू शकतो. खुब्यातून वाकल्यास हा धोका बराच कमी होतो. अंगणातली बादली उचलताना आणि केर काढतानाही हाच नियम लागू आहे.

घरच्या घरी सराव

काठीचा सराव : एक सरळ काठी पाठीवर उभी धरा. ती डोक्याचा मागचा भाग, दोन पात्यांमधली जागा आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी टेकली पाहिजे. हे तिन्ही स्पर्श न सोडता खुब्यातून पुढे झुका. आठ ते दहा वेळा करा.

भिंतीचा सराव : भिंतीवर घडी केलेला टॉवेल धरून त्यावर कपाळ हलके टेकवा आणि पटिंगसारखे वाका. हात छातीवर दुमडून खांदे हळूहळू डावीकडे-उजवीकडे फिरवा. डोके आणि खुबे हलता कामा नयेत.

टॉवेलचा सराव : एक लांब टॉवेल छातीवरून आडवा घेऊन दोन्ही काखांत धरा आणि पट मारा. तो निसटला, तर दंड छातीपासून सुटले असे समजा.

पाठ मोकळी करणे : कुशीवर झोपा, गुडघे पोटाकडे घ्या, दोन्ही हात समोर जोडा. वरचा हात पुस्तकाचे पान उलटावे तसा मागे न्या, नजर हाताबरोबर फिरवा. प्रत्येक बाजूने आठ वेळा.

ग्रीनवर दर दहा मिनिटांनी ताठ उभे राहून चार पावले चाला.

वेदना हातात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा पकड कमजोर झाली असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झालेल्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरुवात करावी. छोट्या पटच्या वेळी मनगटाला आपोआप झटका बसत असेल, तर तो ‘यिप्स’ असू शकतो. जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरने पकडी बदलत त्याच्याशी वर्षानुवर्षे झुंज दिली आणि मास्टर्स दोनदा जिंकली. यिप्समागे कधी दडपण असते, तर कधी लिहिताना बोटे आखडतात तसा मज्जासंस्थेचा विकार. तिथे केवळ पाठ सरळ करून भागत नाही.

बाकीच्यांनी मात्र नवा पटर घेण्याआधी आरशासमोर बाजूने उभे राहून वाकून पाहावे. पाठ सपाट दिसली, तर पकडीचा विचार करता येईल. पोक दिसला, तर आधी तोच काढून टाकायला हवा.