डोंगर चालत दाखवावा

टीव्हीवरच्या डोंगरांचा विषय निघाला की बहुतेक जण डिस्कव्हरीपासून सुरुवात करतात. माझी सुरुवात ‘आमची माती, आमची माणसं’पासून होते, आणि ती तिथूनच व्हायला हवी हे माझं जुनं मत आहे.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा गिरणगावातल्या आमच्या काळाचौकीत टीव्ही असलेली खोली शोधावी लागे. ज्याच्याकडे संच, त्याच्या दारात चपलांचा ढीग. छायागीताला गर्दी व्हायची हे कुणालाही समजेल. पण शेतीच्या कार्यक्रमाला गिरणी कामगार का बसत, हे गिरणगावाबाहेरच्याला सांगावं लागतं. इंडिया युनायटेडच्या दोन आणि तीन नंबरच्या गिरण्या आमच्याच वस्तीत. तिथे राबणारा माणूस पाटणचा, जावळीचा, शिराळ्याचा, नाहीतर घाटाखालच्या पोलादपूर, संगमेश्वरचा. पडद्यावर कृषी अधिकारी भाताच्या रोपांविषयी सांगत असे आणि आमची माणसं त्याच्या खांद्यामागे बघत असत. मागे डोंगराची एखादी सोंड दिसली की वाद सुरू. ही कुंभार्लीची धार की वरंधची? तो सडा आमच्या गावावरचा की पलीकडचा? रंग नव्हता, चित्र हलायचं, तरी माणसं आपला डोंगर ओळखायची, कारण त्या वाटेने ती लहानपणी गुरांमागे चढलेली होती. डोंगर टीव्हीवर कसा बघावा, हे मी त्या खोलीत शिकलो. शिखराकडे नंतर बघायचं. आधी वाट कुठून निघते, पाणी कुठे आहे आणि पायथ्याला कोण राहतं ते बघायचं.

पुण्याला दूरदर्शन दिसावं म्हणून मनोरा उभारला तो सिंहगडावर. गडावर लोखंड नको म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला त्या मनोऱ्याचा कधी राग आला नाही. राग यायचा तो याचा, की ज्या डोंगराच्या खांद्यावरून चित्र जात होतं, तो डोंगर चित्रात फार क्वचित यायचा.

जब्बार पटेलांचा ‘जैत रे जैत’ (१९७७) हा चित्रपट, पण आमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला टीव्हीवरच. गोनीदांच्या कादंबरीतला ठाकरांचा डोंगर, त्यावरची मधाची पोळी, तिथवर जाणारी माणसं. त्यात डोंगराला वजन आहे. चढणाऱ्याचा दम ऐकू येतो. पुढे किल्ल्यांवर कॅमेरा घेऊन गेलेल्या कितीतरी मंडळींनी तो नुसता पाहिला असता तरी पुरे होतं.

हिमालयाचा भाग मी लवकर आटोपतो. १९६५ ची कोहलींच्या नेतृत्वाखालची एव्हरेस्ट मोहीम, तिचे नऊ शिखरवीर, १९८४ ला बचेंद्री पाल, १९८८ ला गिरिविहारची कांचनजुंगा मोहीम, १८ मे १९९८ ला सुरेंद्र चव्हाणांचं एव्हरेस्ट, २०१२ ला गिरिप्रेमीचे आठ जण माथ्यावर. या सगळ्याचा अभिमान आहे. पण टीव्हीने त्यातलं दाखवलं काय? माथ्यावरचा झेंडा, विमानतळावरचे हार आणि स्टुडिओतली मुलाखत. तळछावणीपर्यंतची चाल आणि ओझी वाहणारे शेर्पा बातमीत बसत नव्हते. याउलट १९६७ च्या जुलैत बीबीसीने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या ओल्ड मॅन ऑफ हॉय या सुळक्याची चढाई थेट दाखवली आणि दीड कोटीच्या आसपास लोकांनी ती पाहिली. जपानी वाहिनीने ५ मे १९८८ ला थेट एव्हरेस्टच्या माथ्यावरून प्रक्षेपण केलं. मला यातलं हॉयचं मोठं वाटतं. तो सुळका साडेचारशे फुटांचा, म्हणजे आपल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यापुढे लहान. पण हात कुठे जातो, पाय कुठे ठरतो, हे घरात बसलेल्या बाईमाणसाला कळेल असं त्यांनी दाखवलं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

ऑगस्ट १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाली, तीच आजची झी मराठी. तिच्यावर मिलिंद गुणाजींची ‘भटकंती’ आली. या कार्यक्रमाचं मोल अजून कुणी नीट मांडलेलं नाही. सिनेमात नाव असलेला माणूस किल्ल्याच्या पायथ्याला उभा राहून मराठीत बोलतो आणि मग चालू लागतो, एवढीच मांडणी. कसं जायचं, कुठे उतरायचं, वर काय आहे. कॅमेरा माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. त्यामुळे कारवीतून जाताना कारवी दिसायची, कातळातल्या पायऱ्या खालून वर दिसायच्या आणि टाक्यापाशी पोचल्यावर टाक्यात वाकून बघितलं जायचं. आमच्या बाजूच्या बिऱ्हाडातल्या आजींनी उभ्या जन्मात प्रतापगड सोडला तर किल्ला पाहिला नव्हता. त्या हा कार्यक्रम चुकवत नसत, आणि मुंबईतून रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडायला निघालेल्या पोरांना विचारत, टाक्यांना पाणी असेल का रे आत्ता? प्रेक्षकाच्या तोंडून असा प्रश्न येणं, यापेक्षा मोठी पावती कार्यक्रमाला मिळत नाही.

याच सुमारास आमचं स्वतःचंही चालू होतं. आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या कुणीतरी हँडीकॅम मिळवला होता. राजगडाची संजीवनी माची, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, रतनगडाचं नेढं असं जे जमेल ते चित्रित करायचं आणि गणेशोत्सवात मंडपात व्हीसीआर लावून दाखवायचं. मी याचा फार आग्रह धरत असे, आणि एक नियमही घातला होता: पायथ्याच्या गावापासून चित्रण सुरू झालं पाहिजे आणि वाटाड्याचं बोलणं कापायचं नाही. काहींना ते कंटाळवाणं वाटे. गाणी लावा, ते चालणं कमी करा, अशी सूचना दरवर्षी यायची. मी ऐकलं नाही. नळीच्या वाटेतले मोठाले धोंडे एकामागून एक पार होताना मंडपातली माणसं सरसावून बसत. घसाऱ्यावर कुणाचा पाय सरकला की मागून ‘अरे, हळू!’ असा आवाज यायचा. १९८२ च्या गिरणी संपानंतर ज्यांच्या घरी बाहेरगावी जायला पैसा उरला नव्हता, अशीही माणसं त्या खुर्च्यांवर असत. त्यांनी कोकणकडा पाहिला तो तिथेच.

काही विद्वान मित्र लिहितात की मराठी माणसाला किल्ल्यांकडे वळवलं ते ऐतिहासिक मालिकांनी. मला हे मान्य नाही. २००८ मध्ये स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ आली, लोकांनी ती मनापासून पाहिली, आम्हीही पाहिली. पण त्यातला गड हा कर्जतच्या स्टुडिओतला गड होता. नितीन देसाईंची कारागिरी थोर. तिथला दरवाजा खरा वाटतो. पण तो गड चढावा लागत नाही. महाराजांनी हा मुलूख निवडला तो त्याच्या चढणीसाठी, घाटवाटांसाठी, कड्यांसाठी. चढण वगळून शिवकाल दाखवला तर शत्रू का हरला हेच प्रेक्षकाला कळत नाही. मालिका पाहून गडावर गेलेला माणूस सिंहासनाची जागा विचारतो. ‘भटकंती’ पाहून गेलेला वाट विचारायचा.

डिस्कव्हरी, नॅशनल जिऑग्राफिक यांनी चित्राची प्रत शिकवली, ते ऋण आहे. ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ने मात्र पोरांच्या डोक्यात भरवलं की डोंगर म्हणजे जिवावर बेतणं. आमच्या ठाकर-महादेव कोळ्यांच्या बाया त्याच रानातून डोक्यावर मोळी घेऊन रोज उतरतात.

आणि मग ड्रोन आला. त्याच्या बाजूचे लोक म्हणतात, किल्ल्याची रचना पहिल्यांदाच एका नजरेत कळली. राजगडाच्या तीन माच्यांपुरतं ते खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण वरून बघितलं की सगळे डोंगर सोपे दिसतात. हरिहरचं घ्या. लाखो लोकांनी मोबाइलवर पाहिल्या त्या फक्त कातळातल्या उभ्या पायऱ्या. निरगुडपाड्यापासूनची चाल, वरची टाकी, शेजारचा ब्रह्मगिरी, काही नाही. परिणाम असा की पावसाळ्यातल्या रविवारी त्या अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांत अडकतात. जुलै २०२४ मध्ये माणगावजवळ कुंभे धबधब्यापाशी चित्रीकरण करताना एका तरुण मुलीचा दरीत पडून जीव गेला. ती बातमी वाचून मी अस्वस्थ झालो तो अजून आहे. कडा किती खोल आहे, कातळ ओला असला की पाय कसा निसटतो, हे सांगणारं चित्रण तिच्या पिढीला आम्ही दिलंच नाही.

जानेवारी २०२४ पासून आमच्या शेजारच्या शिवडीतून अटल सेतू निघतो आणि गाडीवाला न्हावा-शेव्याकडे भुर्रकन उतरतो. कर्नाळा गाडीने जवळ आला, पडद्यावर डोंगर मात्र दूरच राहिला. ११ जुलै २०२५ ला साल्हेरपासून जिंजीपर्यंतचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्या रात्री वृत्तवाहिन्यांवर तीच ती आकाशातली दृश्यं फिरत होती. साल्हेर हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला, १५६७ मीटर. त्याची चढण एकाही वाहिनीवर मला दिसली नाही.

दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीकडे माझी एकच मागणी आहे. शेतीच्या, लोककलेच्या, फिरस्तीच्या जुन्या कार्यक्रमांच्या ज्या टेप पुसल्या गेल्या त्या गेल्या. ज्या उरल्या असतील त्या गावाच्या आणि डोंगराच्या नावासकट प्रसार भारतीच्या ‘वेव्हज’ या ओटीटी मंचावर खुल्या कराव्यात. आणि वाचकांना विनंती: माळ्यावर ट्रेकच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट असतील तर टाकून देऊ नका. त्या फितीला बुरशी लागते, दर पावसाळ्यागणिक चित्र जातं. या हिवाळ्यातच त्या डिजिटलमध्ये उतरवून घ्या, आणि चालण्याचा भाग कापू नका.