नकाराचं बटण

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी पाठीतून आत शिरली आणि कुठे अडकली ते डॉक्टरांना कळेना. टेलिफोनमुळे नावारूपाला आलेले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेव्हा आपलं यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये आले. तारेची वेटोळी परस्परांचा परिणाम पुसून टाकतील अशी मांडलेली आणि कानाला टेलिफोनचा रिसीव्हर, एवढाच तो सरंजाम. धातू जवळ आला की तोल ढळायचा आणि कानात गुणगुण उमटायची. इतरत्र चोख चाललेलं हे यंत्र अध्यक्षांच्या खाटेशी फसलं. गादीत पोलादी तारा असल्याचं मागाहून कळलं. शिवाय गोळी उजवीकडेच आहे अशी मुख्य डॉक्टर विलर्ड ब्लिस यांची खात्री असल्यामुळे बेलना तेवढीच बाजू तपासू दिली होती. शवविच्छेदनात गोळी डावीकडे सापडली. आजच्या मेटल डिटेक्टरवरची दोन महत्त्वाची बटणं नेमकी याच दोन अडचणींशी जोडलेली आहेत. ग्राउंड बॅलन्स हे गादीतल्या तारांवरचं, म्हणजे जमिनीच्या स्वतःच्या आवाजावरचं उत्तर. डिस्क्रिमिनेशन म्हणजे नको त्या धातूंना आधीच गप्प बसवणं, आणि ते मात्र डॉक्टर ब्लिस यांच्या वळणावर जातं. दोन्ही बटणं ‘नको ते वगळणारी’ म्हणून एकाच माळेत ओवली जातात, ते मला चुकीचं वाटतं. पहिलं मोजमाप आहे, दुसरी पैज. पहिल्यावर हवा तेवढा वेळ घालवावा, दुसरं होता होईल तो बंद ठेवावं.

आधी जमीन. हातात धरायचा सर्वसाधारण डिटेक्टर आपल्या कॉइलमधून सेकंदाला काही हजार वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतो. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचं उत्तर किंचित उशिरानं परत येतं. किती उशिरानं, यावर यंत्राचं सगळं शहाणपण उभं आहे. पण उत्तर मातीही देते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटच्या जातीची खनिजं भरपूर असतात, त्याच खडकाची काळी माती होते. कोकणातला जांभा तर लोहाच्या ऑक्साइडांनीच लाल झालेला. अशा जमिनीत हातभर खोल पडलेल्या नाण्यापेक्षा मातीचाच आवाज कितीतरी मोठा असतो. सुदैवानं एका टापूतल्या मातीच्या उत्तराचा उशीर बराचसा एकसारखा असतो आणि तीच आपल्या हातातली कडी. धातू नाही अशी जागा निवडायची, कॉइल जमिनीपासून वर-खाली हलवायची आणि आवाज चढेनासा नि उतरेनासा होईपर्यंत बटण फिरवायचं. इथे अंदाजाला जागाच नाही: जमवलेलं बरोबर की चूक, ते जमीन लगेच सांगते. मुरूम संपून काळी माती लागली की पुन्हा पहिल्यापासून. हे काम आपोआप करणारी यंत्रंही मिळतात, पण एखाद्या क्षीण संकेतावर कॉइल फार वेळ घोळवली तर ती त्यालाच माती समजून पुसून टाकतात. समुद्रकाठी तर पंचाईतच. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं, आणि ती खाऱ्या पाण्यानं भिजली की विजेची वाहकही होते. वाळूतल्या खनिजांचा आणि खाऱ्या ओलीचा उशीर वेगवेगळा, त्यामुळे एकाच वारंवारतेचं यंत्र खनिजांना गप्प करतं तेव्हा ओल बोलू लागते. एकाहून अधिक वारंवारतांची यंत्रं आली ती ही अडचण सोडवण्यासाठी.

आता नकाराकडे वळू. उत्तराच्या उशिरावरून धातू ओळखता येतो, हे अर्धंच खरं आहे. तो उशीर धातू कोणता यावर ठरतो, तसाच वस्तूच्या आकारावर, जाडीवर आणि ती जमिनीत कशी पडली आहे यावरही. थंड पेयाच्या डब्याची अ‍ॅल्युमिनियमची कडी आणि सोन्याची नाजूक अंगठी पडद्यावर एकच आकडा दाखवू शकतात. कडी नको म्हणणाऱ्यानं अंगठीही नको म्हटलेली असते. उलट लोखंडाचं गोल चपटं झाकण चांगल्या धातूचा आव आणतं. आपलं हल्लीचं रुपयाचं नाणंसुद्धा लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचं आहे, तेव्हा ‘लोखंड वगळा’ या हुकमात चलनी नाणंही अडकू शकतं. वस्तू खोल गेली की खनिजयुक्त माती तिचा आकडा ओढून थेट लोखंडाच्या घरात नेते. आणि सगळ्यात महागात पडतो तो खिळा. नकार दिल्यानं खिळा नाहीसा होत नाही, यंत्र फक्त त्याच्यापुरतं मुकं होतं. त्या क्षणी शेजारी पडलेलं चांदीचं नाणंही त्या मौनात बुडतं. लोकांना शांत यंत्र आवडतं, विक्रेत्यांना हे ठाऊक असतं.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताची सोन्याची जमीन हा याचा मोठा पुरावा. तिथल्या किंगोवरजवळ १९८० मध्ये डिटेक्टरनं २७ किलोंहून जड गोळा सापडला, ‘हँड ऑफ फेथ’ या नावाचा. पण तिथली तांबडी, लोहयुक्त माती साध्या यंत्रांना जेरीस आणत होती. ब्रूस कँडी यांच्या संशोधनावर मिनलॅब कंपनीनं १९९५ मध्ये एसडी २००० हे यंत्र आणलं. त्याची पद्धत वेगळी: विजेचा झटका द्यायचा, थांबायचं आणि मागे राहिलेलं उत्तर कसं विरतं ते ऐकायचं. धातूचं उत्तर एका रीतीनं विरतं, त्या मातीचं दुसऱ्या. कमी-अधिक लांबीचे झटके देऊन मातीचा वाटा वजा करता येतो. जमिनीशी जमवून घेण्यात हे यंत्र आधीच्यांच्या फार पुढे होतं, आणि धातूंमध्ये फरक करण्यात अगदीच कच्चं. सोनं शोधणाऱ्यांनी खिळे, छर्रे, जुन्या गोळ्या असं सगळं उकरलं, आणि संपली म्हणून सोडून दिलेल्या जमिनीतून सोनं काढलं.

यावर सरळ आक्षेप वेळेचा. बाटल्यांच्या झाकणांनी भरलेल्या बागेत प्रत्येक आवाजाला खणत बसलं तर दिवस मावळेल. मान्य, तिथे थोडा नकार द्यावा, पण काहीतरी हातचं जाणार हे धरून. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: सगळं उकरा म्हणणं म्हणजे इतिहासाची नासधूस. हेही खरं. संरक्षित स्मारकांच्या आवारात परवानगीशिवाय खणता येत नाही आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. पण हे निर्बंध कुठे खणावं आणि सापडलेल्याचं काय करावं याबद्दलचे आहेत, काय ऐकावं याबद्दलचे नाहीत. पुरातत्त्वाच्या सर्वेक्षणात तर लोखंडाचा गंजका तुकडाही नोंदीच्या लायकीचा असतो. वेळेच्या आक्षेपाला खरं उत्तर सुरुंग काढणाऱ्यांनी दिलं आहे. काही सुरुंगांत धातू जेमतेम ग्रॅमभर असतो, कंबोडियासारख्या देशात लढाईचं भंगार जागोजागी, माती जांभ्याची, आणि एकेका सुरुंगामागे शेकडो खोट्या हाका. वेळेची टंचाई याहून मोठी कुठे असणार? तरीही तिथला नियम एकच: आवाज आला की तपासायचा. काम उरकावं म्हणून त्यांनी नकाराचं बटण वाढवलं नाही. त्याच दांड्यावर जमिनीत शिरणाऱ्या लहरींचा रडार बसवला, म्हणजे धातूच्या आवाजाखाली सुरुंगाच्या आकाराचं काही आहे का, हे निराळ्या मार्गानं विचारता येतं.