वास्तुशिल्पी थॉमस हार्डी आणि त्याची पहिली रहस्यकथा : १८५६ ते १८७२

‘टेस’ आणि ‘ज्यूड’ यांमुळे मराठी वाचकाला परिचित असलेला इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डी (१८४०–१९२८) तरुणपणी व्यवसायाने वास्तुशिल्पी होता, आणि त्याची छापून आलेली पहिली कादंबरी खून, तोतयेगिरी व लपवलेले प्रेत यांची रहस्यकथा होती. या दोन गोष्टी चरित्रांत बहुधा वेगवेगळ्या सांगितल्या जातात; परंतु १८५६ ते १८७२ हा काळ सलग पाहिला, तर दुसरी गोष्ट पहिलीतूनच निघालेली दिसते.

डॉर्सेट परगण्यातील गवंडीकाम व बांधकाम करणाऱ्या घराण्यात जन्मलेला हार्डी सोळाव्या वर्षी डॉर्चेस्टरचे वास्तुशिल्पी जॉन हिक्स यांच्याकडे उमेदवार म्हणून राहिला. हिक्स यांच्याकडे जुन्या चर्चच्या पुनरुद्धाराची कामे मोठ्या प्रमाणावर येत. पुनरुद्धार याचा त्या काळचा अर्थ असा की, मध्ययुगीन इमारतीत पुढील शतकांनी घातलेली भर काढून टाकायची आणि ती इमारत टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीत, पुष्कळदा निव्वळ अनुमानाने, पुन्हा उभी करायची. या कामात अस्सल वारशाचा नाश किती झाला याची खंत हार्डीला पुढे आयुष्यभर राहिली. पण कोणता दगड कधी बसवला गेला आणि कोणते दार कधी बुजवले गेले हे खुणांवरून ताडण्याची सवय त्याला इथेच लागली.

१८६२ मध्ये तो लंडनला आर्थर ब्लोमफिल्ड यांच्या कार्यालयात रुजू झाला. पुढच्याच वर्षी रंगीत विटा व टेराकोटा, म्हणजे भाजलेल्या मातीचे घडीव काम, यांच्या आधुनिक उपयोगावरील त्याच्या निबंधाला ब्रिटिश वास्तुशिल्पींच्या संस्थेचे पदक मिळाले. मिडलंड रेल्वेचा मार्ग सेंट पँक्रसच्या जुन्या दफनभूमीतून काढला गेला, तेव्हा उकरलेले सांगाडे नीट हलवले जातात की नाही यावर देखरेख ठेवण्याचे काम ब्लोमफिल्ड यांनी त्याच्यावर सोपवले होते. प्रकृती ढासळल्याने १८६७ मध्ये तो डॉर्सेटला परतला आणि लेखनाकडे वळला. त्याच्या पहिल्या, सामाजिक उपरोधाच्या कादंबरीचे हस्तलिखित वाचून कादंबरीकार जॉर्ज मेरेडिथ यांनी ती न छापता अधिक गुंतागुंतीच्या कथानकाची कादंबरी लिहावी, असा सल्ला दिला.

हार्डीने तो सल्ला जरा अक्षरशःच घेतला. १८७१ मध्ये टिन्स्ले ब्रदर्सने तीन खंडांत निनावी प्रसिद्ध केलेली ‘डेस्परेट रेमेडीज’ ही विल्की कॉलिन्सने लोकप्रिय केलेल्या सनसनाटी कादंबरीच्या, म्हणजे प्रतिष्ठित घरातील गुप्त गुन्ह्याभोवती रचलेल्या कथेच्या, वळणाची आहे. नायिकेचा वास्तुशिल्पी पिता चर्चच्या मनोऱ्यावरील परांचीवरून पडून मरतो, तिचा प्रियकर वास्तुशिल्पीच्या कार्यालयात नकाशे काढतो, आणि खलनायक मॅन्स्टन हाही त्याच व्यवसायातून आलेला आहे. शेतात जाळलेल्या तणाच्या धुमसत्या ढिगातून सरायीला आग लागते, तीत मॅन्स्टनची पत्नी जळून गेली असे सर्व मानतात. प्रत्यक्षात ती त्याच्या हातून मेलेली असते, आणि प्रेत त्याने एका जुन्या इमारतीत दडवलेले असते. प्रकरणांना शीर्षके म्हणून एक पंधरवडा, आठ दिवस असे कालावधी दिले आहेत, आणि आगगाडीची वेळ, खोल्यांची मांडणी, कोण कोठून काय पाहू शकतो, यांवर उलगडा बेतलेला आहे. योगायोगांचा भार कादंबरीला पेलवत नाही आणि शेवटचा कबुलीजबाब लांबतो, हे मान्य करावेच लागते; तथापि भिंती, जिने व खिडक्या यांचे वर्णन जिथे येते, तिथे नवखेपणा कुठेही जाणवत नाही.

प्रकाशनासाठी हार्डीला स्वतःचे ७५ पौंड गुंतवावे लागले आणि त्यांतील सुमारे ६० परत मिळाले. ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाच्या जहरी परीक्षणाने तो खचला होता. तरीही व्यवसाय लगेच सुटला नाही. कॉर्नवॉलमधील सेंट जुलियट येथील चर्चच्या पुनरुद्धारासाठी १८७० मध्ये पाहणीला गेला असता त्याची एमा गिफर्डशी गाठ पडली होती. तिने या रहस्यकथेच्या हस्तलिखिताची नक्कल करण्यास मदत केली आणि १८७४ मध्ये ती त्याची पत्नी झाली. १८७२ मध्ये, मुंबईतील इमारतींचेही आराखडे केलेले वास्तुशिल्पी टी. रॉजर स्मिथ यांच्याकडे लंडनच्या शाळांच्या इमारतींवर तो काम करीत असताना, टिन्स्ले यांनी नियतकालिकासाठी कादंबरी मागितली आणि हार्डीने नोकरी सोडली.

रहस्यकथेच्या वाटेने तो पुढे फारसा गेला नाही. मात्र १९१२ मध्ये आपल्या साहित्याची वर्गवारी करताना त्याने ‘डेस्परेट रेमेडीज’ला कथानकाच्या कारागिरीवर उभ्या असलेल्या कादंबऱ्यांच्या गटात बसवले. त्या गटात तीनच कादंबऱ्या आहेत आणि त्यांपैकी दोहोंचे नायक वास्तुशिल्पी आहेत.